एक थेंब काळा जास्त

रंग मिसळताना हसू नये, हे मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले. काळा घालताना तर मुळीच नाही. पांढरा दोन थेंब इकडेतिकडे झाला तर कोणाचं काही बिघडत नाही, पण काळा एक थेंब जास्त पडला की रंग वाया गेला म्हणून समजा. तो थेंब परत काढता येत नाही. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही माझ्या भावापायी.

मी गाड्यांचे रंग मिसळते. पूर्वी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मिसळायचे, आता घरी. मागची न्हाणी ऐसपैस होती. तिचा नळ बंद करून घेतला, खिडकीला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, छताखाली तारा ताणल्या आणि झाला माझा कारखाना. बोनेट, दरवाजे असली धुडं मी घेत नाही. आरशांची कव्हरं, दरवाजाच्या मुठी, पेट्रोलच्या तोंडावरची झाकणं, एवढंच. हातात मावेल तेवढं काम. लोक म्हणतात, बाईमाणूस आणि हातात स्प्रे गन? मी म्हणते, रंग काय मिशीने ओळखतात?

तर त्या दिवशी दुपारी चार वाजता माझी भावजय हे घर सोडून मामाबरोबर जाणार होती, कायमची. आणि तिला तयार केलं होतं ते मीच.

मामा म्हणजे आमचा कोणाचाच मामा नव्हे. कोपऱ्यावरचं गॅरेज त्याचं. मिसरूड फुटल्यापासून त्याला सगळे मामाच म्हणतात, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. माझ्या भावाचा तो जिवलग. भाऊ भाड्याने गाडी चालवायचा आणि दिवसातून दोनदा तरी काहीतरी निमित्त काढून मामाच्या गॅरेजवर जाऊन बसायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो गाडी घेऊन घरातून निघाला तो निघालाच. मामाने सांगितलं, "लांबचं भाडं आहे म्हणाला. चाकांत हवा भरून घेतली, हात हलवला आणि गेला." त्यानंतर ना फोन, ना गाडी, ना माणूस.

मामाने तेव्हा काय करायचं बाकी ठेवलं? पोलिस ठाण्यात मला तोच घेऊन गेला. माझ्या तोंडून शब्द फुटेना म्हणून गाडीचा नंबर, रंग, सगळं त्यानेच लिहून दिलं. हॉस्पिटलं पालथी घातली. भावाचा फोटो भिंतीभिंतीवर चिकटवला. वर्ष उलटलं तसे पोलिसांनी हात वर केले, आणि लोक कुजबुजायला लागले की दुसरीकडे कुठे संसार थाटला असेल. आधी मी असं बोलणाऱ्यांच्या अंगावर धावून जायचे. मग हळूहळू मलाही ते पटलं. मेलेल्याचा काहीतरी माग लागतो, लपलेल्याचाच लागत नाही, असं मी मनाशी धरून चालले. आणि एकदा ते धरल्यावर मी त्याला रोज शिव्या घालू लागले, काडीने रंग ढवळता ढवळता. भित्रा. पळपुटा. बायकोच्या जिवाला घोर लावून बसलाय कुठेतरी मजेत. दोन वर्षांत मी त्याच्याबद्दल एक शब्द बरा काढला नाही.

भावजय मात्र वाट बघत राहिली. "हे आले की विचारते." "ह्यांना नाही आवडणार." पहिलं वर्षभर ती असंच बोलायची, जणू काही हे आतल्या खोलीत दाढी करतायत. मग एक दिवस तिच्या तोंडातलं 'हे' गेलं. ती 'तुमचा भाऊ' म्हणायला लागली. वापरायला आणलेली वस्तू परत करावी तसा तिने तो मला परत केला. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे काही महिन्यांनी मामाने माझ्यापाशी विषय काढला. मान खाली घालून, चाचरत. दुसऱ्या गावी एक गॅरेज मिळतंय, इथलं बंद करतो, ती एकटी किती दिवस काढणार, मी तरी कोणासाठी थांबलोय. मी म्हटलं, सोन्यासारखा माणूस, दोन वर्षं आपल्यासाठी राबला, आणखी काय बघायचं असतं? चार महिने मी तिच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, ताई." एवढंच. आता पंचाईत अशी की ज्याच्याबरोबर संसार करायचा त्याला मामा कसं म्हणणार? आणि दुसरं काय म्हणायचं तेही तिला सुचेना. त्यामुळे ती त्याला काहीच म्हणत नसे. यावरून मी तिची भरपूर थट्टा केली. ती हसली नाही.

मामा दोन दिवस नव्या गावी घर लावायला गेला होता. तिथून त्याचा फोन आला. "ताई, शेवटचं एक काम करून द्या. माळ्यावर दहा झाकणं पडलीयत, पेट्रोलच्या तोंडावरची. एका टुरिस्टवाल्याला सगळी सफेद हवीत. ठोक्या आणून देईल. चारला तिला घ्यायला येतो तेव्हा घेऊन जाईन."

ठोक्या म्हणजे त्याच्याकडचा पत्रे सरळ करणारा. चाळीस वर्षं पत्रा ठोकून कान गेलेले. स्वतः ओरडून बोलतो आणि समोरच्याचं निम्मं ऐकतो. सकाळी आठ वाजता त्याने गोणी आणून मागच्या दारात आपटली.

"माळा झाडून मोकळा केला!" तो ओरडला. "पार भिंतीकडचं खोकं होतं, त्यातलं पण काढलं!"

"दहाच हवी होती ना?" मी ओरडले.

"हो, सगळीच आणली!" असं म्हणून तो गेला.

मी मोजली. अकरा होती.

झाकण हातात आलं की आधी ते साबणाने धुवायचं. मग थिनरमध्ये बुडवलेलं फडकं सगळीकडून फिरवायचं. हे फडकं फार उपयोगाचं. गाडीचा पक्का रंग, हार्डनर घालून मारलेला, थिनरला दाद देत नाही. पण बाजारात मिळते ती हलवून फसफस मारायची डबी, तिचा रंग लगेच सुटून फडक्यावर येतो. तो खाली ठेवून वर कितीही चांगला रंग मारा, दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि शिव्या रंगवणाऱ्याला बसतात. म्हणून मी आधी फडकं फिरवते आणि मगच पुढचं बघते.

दहा झाकणं पक्की निघाली. अकरावं आधीच पांढरं होतं, आणि फडकं लावल्याबरोबर फडकं पांढरं झालं. "कोणत्या गाढवाने डबी मारलीय," असं म्हणत मी थिनर आणखी ओतलं. पांढऱ्याखालून आकाशी रंग वर आला.

आता पांढऱ्याखाली आकाशी असायला काही हरकत नाही. पण डबी मारण्याआधी कोणीतरी बाहेरची बाजू खरखरीत पेपरने घाईघाईत घासली होती. कामाची माहिती नसलेला घासतो तशी, एका कडेला जोर जास्त. त्या कडेला आकाशीही उडाला होता आणि खालून पिवळा दिसत होता. माझा हात तिथेच थांबला.

आकाशीखाली पिवळा प्रायमर कोणी मारत नाही. राखाडी मारतात, नाहीतर पांढरा. पिवळा मी मारला होता. एकदाच.

भावाच्या गाडीचं झाकण गंजलं होतं. रविवार होता. राखाडी प्रायमर संपला होता आणि कोणाच्या तरी पिवळ्या बंपरचा उरलेला पडला होता. भाऊ म्हणाला, "मार गं तायडे, खालचं कोण बघतंय?" मग मी आकाशी मिसळायला बसले. वजनकाट्यावर कप ठेवला. पांढरा घातला, निळा घातला, आणि काळ्याची बाटली कपावर धरली. एक थेंब घालायचा होता. नेमकं तेव्हाच ह्या गाढवाने एका प्रवासी म्हातारीची नक्कल सुरू केली. मागच्या सीटवर बसून ती सबंध रस्ताभर "डावीकडे घ्या, डावीकडे घ्या" करत होती आणि उतरताना म्हणाली, "अहो, मला उजवीकडेच जायचं होतं!" मला हसू आवरेना. बाटली हलली, थेंब दोन पडले.

झाकण गाडीपेक्षा काळपट झालं. पांढऱ्या शर्टाला दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावावं तसं दिसायला लागलं. मी म्हटलं, खरवडून परत मारते. तो ऐकेना. "राहू दे. गाडीला तीट लागली. आता कोणाची नजर लागायची नाही." त्या दिवसापासून त्या झाकणाचं नावच तीट पडलं. पेट्रोल भरायचं असलं की तो म्हणायचा, तीट उघड. भावजय म्हणायची, आम्ही सगळे म्हणायचो. मामासुद्धा म्हणायचा.

आणि आणखी एक गोष्ट. वरचं क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक हात, ओलं असताना त्याने झाकणाच्या आत, बिजागरीपाशी, अंगठा टेकवून बघितला. "वाळलं का बघत होतो." ओला रंग दिसला की हात लावल्याशिवाय राहवत नाही लोकांना. मी त्याला तासभर फैलावर घेतलं होतं.

मी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पेपर लागलेला नव्हता, नुसती डबी मारली होती. बिजागरीपाशी फडकं दाबून धरलं, मनात दहापर्यंत मोजलं आणि पुसलं. अंगठा होता तिथे. रेषा न् रेषा.

मी ओल्या फरशीवर मटकन बसले. त्या ठशावर माझा अंगठा ठेवला आणि रडले, कारण तो पळाला नव्हता. दोन वर्षं मी ज्याला पळपुटा म्हणत होते तो पळाला नव्हता. त्याची गाडी कुठे गेलीच नव्हती. निदान तिचं झाकण तरी तीनशे पावलांवर मामाच्या माळ्यावर, भिंतीकडच्या खोक्यात होतं.

वरून भावजयीने हाक मारली. "ताई, ही मोठी उशी नेऊ की ठेवू?"

"ठेव," मी म्हणाले.

मग मी डोकं चालवायला लागले. झाकण आधीच बदललं असेल का? नाही. तो गेला त्या सकाळी मी फाटकात उभी होते. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिच्या कुशीवरची ती काळपट तीट मला दिसत होती. बरं, मामा भंगाराच्या गोण्या विकत घेतो. गाडी दुसऱ्याच कोणीतरी कुठेतरी मोडली असेल, झाकण पांढरं होऊन भंगारात आलं असेल, मामाने गोणी उघडूनही बघितली नसेल. असं होऊ शकतं. देवाशपथ सांगते, असंच झालेलं असावं असं मला फार वाटत होतं. कारण तसं नसेल, तर मामाने आम्हालाच मामा बनवलं होतं, आणि मी माझ्या हाताने भावाची बायको त्याच्या हवाली करत होते.

पोलिस ठाण्यात फोन लावला. फोनवरच्या माणसाला मी सांगितलं, माझ्या हरवलेल्या भावाच्या गाडीचं झाकण सापडलंय. "कसलं झाकण?" पेट्रोलचं. "नंबर आहे का त्याच्यावर?" नंबर नाही, पण रंग माझा आहे. तो म्हणाला, "साहेब पाचला येतात, झाकण घेऊन या." त्याची तरी काय चूक? मी त्याच्या जागी असते तर हसले असते.

आणि चार वाजता मामा येणार होता.

भावजयीला सांगावं म्हणून मी दोनदा जिन्यापर्यंत गेले. काय सांगणार होते? नवरा पळाला नव्हता म्हणून? मग ती विचारणार, तर ते कुठे आहेत? आणि मामा निर्दोष निघाला तर तिचा दुसरा संसारही मीच मोडलेला असणार. मला आधी खात्री हवी होती. तोंडाने विचारून ती मिळाली नसती. मामाकडे उत्तरं कायम तयार असतात. दोन वर्षांत त्याला मी कधी अडखळताना ऐकलं नाही, एक ते लग्नाचं विचारताना सोडून. मला त्याचं उत्तर नको होतं, त्याचा चेहरा बघायचा होता.

आधी दहा झाकणं पूर्ण केली. काम ते काम. पाण्याच्या पेपरने घासली, पुसली, तारेच्या आकड्यांना अडकवून टांगली, धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारलं. पांढरा मिसळायला डोकं लागत नाही. मास्क चढवला, कॉम्प्रेसर सुरू केला, आणि एकेक हात मारत गेले. मास्कमध्ये आपलाच श्वास आपल्याला मोठ्याने ऐकू येतो. एरवी मला त्याची सवय आहे. त्या दिवशी मात्र पाठीमागे कोणीतरी उभं राहून श्वास घेतंय असं वाटत होतं. मी तीनदा वळून बघितलं.

मग रंगांची वही काढली. प्रत्येक रंगाचं माप मी लिहून ठेवते. त्या रविवारचं पान सापडलं. पांढरा इतका, निळा इतका, आणि खाली माझ्याच अक्षरात, "काळा एक थेंब. (दोन पडले. हा हसवत होता.)"

काट्यावर कप ठेवला. पांढरा घातला, निळा घातला, काळ्याची बाटली उलटी धरली. पहिला थेंब पडला. रंग ढवळला तर अगदी गाडीचा आकाशी झाला, नवीन गाडीचा असावा तसा. तेवढ्यावर थांबता आलं असतं. मी बाटली परत कपावर धरली. या वेळी कोणी हसवायला नव्हतं, हात दगडासारखा स्थिर होता, आणि दुसरा थेंब मी मुद्दाम पाडला.

झाकणाच्या बाहेरच्या बाजूला तो रंग मारला. तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये दहा मिनिटं. वर क्लिअर. आतल्या बाजूला अंगठ्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती, ती क्लिअर मारून झाल्यावर काढली. दहा पांढऱ्या झाकणांच्या मधोमध ते टांगलं, आत येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल असं. आतल्या बाजूचा अंगठाही दिसावा म्हणून जरा तिरकं. साडेतीन झाले होते. वर कपाटाची दारं उघडत होती, मिटत होती.

मामा चारला पाच कमी असताना आला. मागच्या गल्लीच्या दाराने, नेहमीसारखा. नवा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत. आत आला आणि दार लावून घेतलं. "धूळ येईल," म्हणाला. माझ्याकडे काम न्यायला येणारी माणसं दार उघडंच टाकतात; तो पहिल्यापासून लावून घ्यायचा. मला त्याचं केवढं कौतुक होतं.

"झाली का, ताई?"

"झाली. ओली आहेत अजून."

तो मोजायला लागला. बोट हवेत धरून, एक, दोन, तीन. मी गन पुसत होते आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. पाचव्यापर्यंत बोट गेलं. सहाव्यावर, आकाशीवर, आलं. तिथे ते थांबलं नाही. खरं सांगते, अजिबात थांबलं नाही. सात, आठ, करत अकरापर्यंत गेलं आणि खाली आलं. मला वाटलं, त्याला काहीच माहीत नाही. फार बरं वाटलं.

"हे एक वेगळं झालं की," तो म्हणाला. साध्या आवाजात.

"अकरावं होतं. ठोक्याने जास्तीचं आणलं. रंग कोणता मारायचा कळेना, तर जुनाच मारला."

"बहिरं आहे ते म्हातारं," मामा हसला. "काय सांगावं आणि काय आणेल. भंगारातलं असेल कुठलं तरी." मग म्हणाला, "फेकून देतो जाताना."

उत्तर तयार होतं. चांगलंही होतं, मी स्वतःला सकाळी दिलेलंच. फक्त एक गोष्ट खटकली. बाकीच्या दहांना तो नेहमीसारखा वाकून बघत होता, बोटाने कड चाचपत होता, कुठे ओघळ आलाय का पाहत होता. एका झाकणावर त्याचा अंगठा उमटलाही. "वाळलं का बघत होतो," म्हणाला. पण मधल्या आकाशी झाकणाकडे त्याने हात नेला नाही. जिवलग मित्राच्या गाडीचं झाकण, ज्याला हा स्वतः तीट म्हणायचा, ते दोन वर्षांनी समोर लटकतंय, आणि ह्याला ते ओळखीचं वाटत नाही? की भंगारात रोजच अशी झाकणं येतात? मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

भावजय एका हातात बॅग घेऊन आली. आतल्या दारात उभी राहिली. नवी साडी नेसली होती, मीच काढून दिलेली, आणि चेहरा कोणाला तरी बघायला दवाखान्यात निघाल्यासारखा. ती मामाकडे बघून काही बोलली नाही, नेहमीसारखंच. मग तिची नजर तारेवर गेली.

बॅग हातातून सुटली. खाली पडलेली तिला कळलीही नाही.

"तीट," ती म्हणाली. तो ओला, चकचकीत, काळपट आकाशी रंग बघून तिचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. मी काय करून बसले होते ते मला तेव्हा कळलं. "तीट रंगवायला टाकली? ताई, हे आले?"

हे. वर्षभरात पहिल्यांदा तिने 'हे' म्हटलं. आणि तिने गल्लीच्या दाराकडे बघितलं.

मीसुद्धा बघितलं. सकाळपासून सगळं माहीत असून, त्या अंगठ्यावर रडून झालेलं असून, माझी मान आपोआप वळली. एक क्षण मला खरोखर वाटलं की दार ढकलून तो आत येईल आणि म्हणेल, काय गं तायडे, रडतेस काय. दार बंद होतं. मी परत वळले, तेव्हा मला मामा दिसला.

मामाने दाराकडे बघितलंच नव्हतं. दार त्याच्या पाठीशी होतं. ज्याला दोन वर्षं शोधलं तो जिवलग दोस्त आला असं त्या दोस्ताची बायको म्हणत होती, आणि हा माणूस मान वळवत नव्हता. तो झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघत होता, त्या अंगठ्याकडे.

मी भावजयीकडे बघितलं. तिनेही ते पाहिलं होतं. चेहऱ्यावरचा उजेड अजून पुरता गेला नव्हता, पण डोळे बदलले होते. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. आम्ही दोघी आणि दाराला पाठ लावून तो, मध्ये ओल्या झाकणांची तार. माझ्या हातात रिकामी स्प्रे गन होती आणि ती मी घट्ट धरली होती.

"मामा," ती म्हणाली. चार महिन्यांत तिने त्याला पहिल्यांदाच हाक मारली. आवाज अगदी हळू होता. "तुम्ही दाराकडे का नाही बघितलं?"

मामाने तोंड उघडलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो, पण या वेळी त्याला काही सुचलं नाही.